त्या गुरुवारचं रक्त

सारिका,

परवा आमची क्षमावाणी झाली. पर्वाचे दहा दिवस संपले की आम्ही जैन माणसं एकमेकांसमोर हात जोडतो आणि म्हणतो, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. घरात म्हणून झालं, शेजारी म्हणून झालं, लॅबमध्ये डॉक्टरांना म्हणून झालं. मग माझी मान आपोआप तुझ्या स्टुलाकडं वळली. तुला जाऊन सव्वा महिना झाला, पण माझ्या मानेला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आख्ख्या शाहूपुरीत तू एकटीच अशी होतीस, जी मला ही क्षमा सुखासुखी द्यायची नाही. "आधी काय केलंसा ते सांगा ताई, मग बघू," म्हणायचीस. "असली घाऊक माफी कोण देतंय व्हय?" मग मला काहीतरी शोधून काढावं लागायचं. तुझ्या रजेवरून बोलले, पेशंटसमोर तुझ्यावर ओरडले, असलं काहीतरी. तू गाल फुगवून विचार केल्याचं सोंग करायचीस आणि म्हणायचीस, "बरं. ह्या येळंला सोडलं."

या वर्षी शोधावं लागत नाही. एक गोष्ट आहे, आणि ती तुला ठाऊक नव्हती. मी इतके दिवस समजत होते की ठाऊक होती. गेल्या आठवड्यात तुझ्या आईला भेटून आले, तेव्हा कळलं की नव्हती. म्हणून हे लिहायला बसले.

पण सुरुवात त्या सोमवारपासून करायला हवी. पहिली चूक तिथं झाली, आणि ती तरी आपल्या दोघींच्या समोर झाली.

तू कामाला लागलीस तेव्हापासून तुझं रक्त म्हणजे आमच्या लॅबचं घरचं माप होतं. मशीन तपासायला कंपनीचं सीरम येतंच, पण माझ्यासारख्या जुन्या टेक्निशियनचा त्यावर पुरता भरवसा बसत नाही. सोमवारी पहिला पेशंट यायच्या आत तुझ्या हातातून थोडं रक्त काढायचं, मशीनवर लावायचं आणि सगळे आकडे नेहमीच्या जागी आले की म्हणायचं, चला, मशीन शुद्धीवर आहे. तू कधी आजारी पडायची नाहीस. शाहूवाडीच्या डोंगरातली पोर तू, चढउतार करून वाढलेली. तुझी साखर, तुझं हिमोग्लोबिन, तुझं कोलेस्टेरॉल मला तोंडपाठ होतं. माझ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर मला इतकं पाठ नाही.

त्या सोमवारी तुझं अल्कलाइन फॉस्फटेज वर आलं. आपण त्याला अल्कफॉस म्हणतो. ते यकृतातून रक्तात उतरतं, तसंच हाडातूनही उतरतं. हाडात काही उलथापालथ चालू असली की ते वाढतं. हे मी तीस वर्षं नव्या पोरींना शिकवत आले, तुलाही मीच शिकवलं. आणि त्या सोमवारी मी काय म्हणाले? "रीएजंट बिघडलंय." बाटली बदलली, आकडा तोच. नवा खोका फोडला, आकडा तोच. मग कंपनीच्या इंजिनियरला बोलावून मशीनचा दिवा बदलून घेतला. तू हातावर कापूस दाबून शेजारी उभी होतीस. म्हणालीस, "ताई, मशीन बरोबर असंल तर?"

"गप गं. तुला काय धाड भरलीय?"

मग मी माझं रक्त लावलं. माझं अल्कफॉस अगदी शहाण्यासारखं आलं. मशीन दुरुस्त झालं म्हणून मी सगळ्यांना चहा मागवला आणि तूही तो प्यालीस. माझं रक्त बरोबर आलं म्हणजे मशीन बरोबर, आणि मशीन बरोबर म्हणजे मग तुझा आकडाही खराच, ही पुढची पायरी त्या खोलीतल्या एकाही शहाण्याला सुचली नाही. पुढच्या सोमवारपासून आम्ही माझंच रक्त लावायला लागलो.

अडीच महिन्यांनी तुझा गुडघा सुजला. दिवसभर उभं राहून होतंय, असं तूच म्हणालीस आणि मीही मान डोलावली. शिवाजी पेठेतल्या तुझ्या खोलीचा जिना तुला चढवेना, तेव्हा कुठं एक्स-रे काढला. मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, गाठ. तू तो एक्स-रे काखोटीला मारून लंगडत थेट लॅबमध्ये आलीस. रडली नाहीस. मशीनवर हात ठेवून म्हणालीस, "आधी ह्याची माफी मागा ताई. उगंच शिव्या दिल्यासा बिचाऱ्याला." मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

त्या चुकीबद्दल तू मला एकदाही बोलली नाहीस. मीच विषय काढला तर उखडायचीस. "मीबी तितंच हुतो की. मी काय आंधळी हुतो? माझं रक्त, माझं मशीन, आणि मलाच दिसलं न्हाई. तुम्ही एकट्या सगळं अंगावर घेऊ नका, मला माझं माझं राहू द्या." रागावण्यातही तुझी अशी वाटणी असायची.

मुंबईला ऑपरेशन झालं. हाडाचा तुकडा काढून त्या जागी धातूची सळी घातली. औषधाच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, पुन्हा आले. मध्ये सात महिने तू कामावरही आलीस, काठी टेकत. स्टुलावर बसून नमुने लावायचीस आणि पाच वाजून गेले की तिथूनच ओरडायचीस, "ताई, सूर्य चालला, डबा काढा." मी दिवस मावळायच्या आत जेवते, आणि नेमकी तेव्हाच पेशंटची झुंबड. माझ्या हातातली सुई काढून घेऊन तू मला आत ढकलायचीस. अकरा वर्षांत कामामुळं माझं जेवण एकदाही चुकलं नाही, ते तुझ्यामुळं. हे मी तुला कधी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, हे आता आत जाऊन एकटी जेवताना कळतं.

मग छातीच्या फोटोत ठिपके दिसले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू मोबाईलवर काय काय वाचायचीस, आणि तुला तर रोग्याचं वाचून भागणार नव्हतं, टेक्निशियनचंही वाचायचं होतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये रक्तावरून पुढचा अंदाज येतो, हे तू मला सांगायला लागलीस. अल्कफॉस किती, एल.डी.एच. किती, पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागून काय येतं, अल्ब्युमिन घसरतंय का. साधे रोजचे आकडे, आपण दिवसाला शंभर काढतो ते. दर पंधरा दिवसांनी मी तुझं रक्त घ्यायचे आणि तू रिपोर्ट हातात आल्याबरोबर भागाकार करायला बसायचीस.

"भागाकार वाढत गेला की समजायचं ताई."

"काय समजायचं?"

"गाडी कुटं चाललीया ते."

मी चिडायचे. म्हणायचे, "अगं, ते शेकडो माणसांचं गणित आहे. शेकड्यातल्या एकाला ते लावता येत नाही. वाईट आकडे घेऊन वर्षानुवर्षं जगलेली माणसं आहेत, चांगले आकडे घेऊन गेलेली आहेत."

"मग त्या शेकड्यात मी न्हाय व्हय? मी काय देवाच्या घरनं येगळी आलो?"

हा वाद आपण रिक्षात घातला, दवाखान्याच्या व्हरांड्यात घातला, तुझ्या खोलीत तुझी आई मध्ये बसून शेंगा फोडत असताना घातला. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. रक्त माणसाचं मरण सांगत नाही, पुष्कळ माणसांकडं बघून फक्त कल सांगतं. आणि तुझंही बरोबर होतं. एकाच अंगात चार आकडे आठवड्यामागून आठवडे एकाच दिशेला निघाले, तर तिथं शेकड्याची गरज पडत नाही.

शेवटी तुझ्या आईचाच दाखला देऊन तू मला गप्प केलंस. "माझी आई डोंगराकडं बघून सांगती, पाऊस किती दिसांत येतोय. चुकती कधी कधी. म्हणून काय तरवा टाकायची थांबती? मला तारीख नको ताई. मला एवढंच कळाय पायजे, अजून सुया टोचून घ्यायच्या का गावाला जायचं."

तरवा म्हणजे भाताची रोपं. ती हातभर वाढली की उपटून चिखलात लावायची. त्या लावणीसाठी तू दरवर्षी आठ दिवस रजा मागायचीस, आणि दरवर्षी मी कटकट करायचे, कारण तेव्हाच तापाच्या पेशंटांची रांग लागते. "तुझ्या एकटीवाचून भात उगवायचं राहणार आहे का?" असं मी विचारायचे. "भात उगवंल, पण वळी वाकड्या लागतील," असं तू सांगायचीस आणि जायचीसच. परत यायचीस ती हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कुजून, पायाला चिखल्या होऊन, आणि तोंडावर असा आनंद की जसं काही लग्नाला जाऊन आलीय.

त्या दिवशी तू माझ्याकडून शब्द घेतलास. तुझ्या शिरा औषधांनी पार खंगल्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्या सापडायच्या नाहीत, म्हणून रक्त मीच घ्यायचे. तू हात पुढं करून म्हणालीस, "ज्या दिशी रक्त म्हणंल आता बास, त्या दिशी तुम्ही मला सांगायचं. डॉक्टर आडून आडून बोलत्यात. आईला काय कळत न्हाई. तुम्ही सांगायचं. तुमच्यात खोटं बोललं की पाप लागतंय न्हवं?"

"लागतं."

"मग झालं तर."

मी मान हलवली आणि सुई घातली. पहिल्या फटक्यात शीर सापडली, याचाच मला तेव्हा आनंद.

जून महिना आला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं की आणखी एक औषध देऊन बघता येईल. उपयोग होईल याची खात्री नाही, त्रास मात्र होईल. घ्यायचं की नाही, तुझं तू ठरव. तू म्हणालीस, गुरुवारचं रक्त बघतो, मग सांगतो. ते हसले. त्यांना वाटलं तू वेळ मागते आहेस. तू वेळ मागत नव्हतीस, माझा रिपोर्ट मागत होतीस.

त्या गुरुवारी सकाळी मी शिवाजी पेठेत येऊन तुझं रक्त घेतलं. तू खाटेवर बसली होतीस, धाप लागत होती, पण गप्पा चालूच. गावाकडं नांगरट झाली, तरवा चांगला आलाय, आठवड्याभरात लावण लागेल. तुझी आई भिंतीला टेकून तुझ्याकडं बघत होती. मी नळ्या भरल्या, हलवल्या, डब्यात ठेवल्या आणि लॅबमध्ये आले.

आकडे आले तेव्हा खोलीत मी एकटी होते. त्यातला कुठलाही तुला सांगण्यासारखा नव्हता. आणि तीन आकड्यांत हवं ते एल.डी.एच. चार आकडी. मी नमुना पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला. या वेळी मी मशीनला एक शब्द बोलले नाही.

तेवढ्यात तुझा फोन आला. "बोला ताई."

मी काय बोलणार होते, ते मला आजही सांगता येत नाही. जिभेवर खरं होतं, याची मी शपथ घेईन. पण तुझा आवाज असा होता, दहावीचा निकाल विचारणाऱ्या पोरीसारखा, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, रक्त फुटलं बघ."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, आपल्याला कळतं. घाईनं किंवा जोरानं रक्त ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात, वरचं सीरम लाल होतं, आणि त्या नमुन्यावर एल.डी.एच. उगाचच भरमसाट येतं. असला आकडा कुणी धरत नाही. नमुना टाकून द्यायचा. म्हणजे मी तुला सांगितलं की आकडा नाहीच. आपल्या धंद्यातली याहून सोपी पळवाट नाही, आणि मला ती शोधावीही लागली नाही.

तू खळखळून हसलीस. "तुमच्या हातनं रक्त फुटलं? म्हातारी झालासा ताई."

"झाले खरी."

"बाकीचं?"

"बाकीचं आहे तसंच. पुढच्या आठवड्यात परत घेऊ."

डॉक्टरांना मात्र मी खरा रिपोर्ट पाठवला. खोटा रिपोर्ट मी जन्मात काढलेला नाही, असं त्या दिवशी स्वतःला बजावूनही सांगितलं. कागदावर खरं आणि तोंडानं खोटं. दुपारी तू डॉक्टरांना फोन करून कळवलंस की औषध घेते. त्यांच्यापुढं रिपोर्ट होता, पण पेशंट स्वतःहून तयार आहे म्हटल्यावर ते कशाला आडवे येतील? सोमवारी तुला भरती केलं.

मी खोटं का बोलले, याची उत्तरं मी इतक्या वेळा दिली आहेत की त्यातलं खरं कुठलं ते आता मलाच सांगता येत नाही. शेकड्यातलं गणित एकाला लागत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःला पन्नास वेळा म्हणाले. कोण जाणे, औषध लागू पडेल. कोण जाणे, तू माझं खरं करशील. पण इथं तरी सरळ लिहिते. तुला गावाला जाऊ द्यायला मी तयार नव्हते. तू गावाला जाणं म्हणजे तू जाणं. दवाखाना लॅबपासून दहा मिनिटांवर. तिथं मी रोज येऊ शकत होते. दरवर्षी आठ दिवसांच्या रजेला नाही म्हणणारी बाई मी, ही रजा कशी देणार होते?

औषधानं काय केलं ते तुझ्या अंगाला ठाऊक. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, ताप चढला, तोंडात फोड आले, गिळवेना. पुढच्या आठवड्यात परत घेऊ म्हणालेलं रक्त मी घेतलंच नाही. आता दवाखान्यातले लोक घ्यायचे आणि तू विचारायचंही सोडलंस. जुलैत एकदा तुझ्या भावानं शेतातून व्हिडिओ कॉल लावला. तुझी आई फोन धरून होती, मी पलीकडं उभी. पाणी भरलेली खाचरं, बायका वाकलेल्या, सगळं हलतंय, मध्येच थिजतंय. तू मास्क बाजूला सारून म्हणालीस, "तिसरी वळ वाकडी हाय. काडा ती." तुझा भाऊ तिकडून ओरडला, "तू ये आन् काड." आणि रेंज गेली. तू फोनच्या काळ्या काचेकडं बराच वेळ बघत राहिलीस. तुझी आई पदरानं तुझं तोंड पुसत होती. मी खिडकीकडं गेले.

त्याच आठवड्यात एकदा तू माझा हात हातात घेऊन दाबलास. बोलायला तुला जड जात होतं. नुसतं बघितलंस, बराच वेळ, आणि पुन्हा दाबलास. मी त्याचा अर्थ लावून टाकला. म्हटलं, हिला सगळं ठाऊक आहे. तीस वर्षांच्या माझ्या हातून, इतक्या सावकाश घेतलेलं रक्त फुटत नाही, हे हिच्याइतकं कोणाला कळणार? ही पहिल्या दिवसापासून ओळखून आहे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहे. मला सोडलं हिनं.

त्या एका हात दाबण्यावर मी महिनाभर काढला, सारिका. तुला गावाला नेलं तेव्हा गाडीमागं चालताना, दिवसकार्याला, परत लॅबमध्ये तुझ्या जागी नवी मुलगी बसली तेव्हा, दर वेळी मी स्वतःला तेच सांगितलं. तुला ठाऊक होतं. तू जाणून उमजून औषध घेतलंस. खोटं मी बोलले, पण फसलं कुणीच नाही.

गेल्या आठवड्यात रजा काढून तुझ्या आईकडं गेले. तुझ्या घराच्या खालच्या अंगाला भात चांगलं मांडीइतकं आलंय. ओळी मला तर सरळच दिसल्या, पण मला त्यातलं काय कळतं? तुझी आई वाळली आहे. चार वाजल्याबरोबर उठून चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली. मी नको नको म्हणाले, तर म्हणाली, "सारिकानं सांगितल्यालं हाय मला. ताई दिवस मावळायच्या आत जेवत्यात. कांदा-लसूण न्हाई घातलेला, बिनघोर जेवा." समोर ताट ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

मी दोन घास खाल्ले असतील. ती आपणहूनच बोलायला लागली. माझ्याशी की स्वतःशी, कळेना.

"त्या बेस्तरवारी पिशवी भरून ठेवल्याली हुती बघा. तिची कापडं, गोळ्या, समदं. मला म्हणली, आई, ताईंचा फोन आला की निगायचं. दुपारची येस्टी धरू. चुलत्याला सांगून बांधावर खुर्ची न्हिऊन ठिवायची, मी बसून वळी बगतो. मी म्हणलं, आन् ते औषीद? म्हणली, ताई सांगतील तसं."

मी हातातला घास तसाच धरून राहिले.

"मग तुमचा फोन झाला. म्हणली, रक्त फुटलं म्हनं, परत घ्याय पायजे. मी म्हणलं, म्हंजी वाईट हाय का काय? तर माझ्यावर खेकसली. वाईट असतं तर ताईंनी सांगितलं नसतं व्हय? त्या खोटं बोलायच्या न्हाईत माझ्यासंगं. अजून जागा हाय म्हंजी. येक औषीद घेतो आई, फुडच्या वर्सी चिखलात उतरून मीच लावण करतो. आन् पिशवी सोडली की तिनं. लई खूस हुती त्या दिशी. दोन भाकरी खाल्ल्या."

पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवून ती म्हणाली, "लई इस्वास हुता तिचा तुमच्यावर. दवाखान्यात बोलाय याचं न्हाई तर खुणंनं इचारायची, ताई आल्या का म्हणून."

हे ती मला कौतुकानं सांगत होती. माझ्या ताटात आणखी भात वाढत होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं धैर्य झालं नाही की सांगू नये असं वाटलं, मला ठाऊक नाही. तिच्याजवळ तुझा तो एक आनंदाचा दिवस शिल्लक आहे, दोन भाकऱ्या खाल्लेला. तो मी काढून घ्यावा का? असलं विचारायला मला तूच पाहिजे होतीस. जेवण पुरं केलं, ताट धुतलं, शेवटची एसटी धरून परत आले.

म्हणजे तो हात तू मला माफ करायला दाबला नव्हतास. तू माझा आधार घेत होतीस. तुझ्यासारखी, डोळ्यात तेल घालून नमुने बघणारी, डॉक्टरांच्या सहीवर शंका घेणारी पोर, आणि तू माझ्या एका वाक्यावर पिशवी सोडलीस. मी तुला हुशार समजत राहिले, कारण ते माझ्या सोयीचं होतं. तू माझ्यापुढं हुशार नव्हतीस. तू नुसती माझं ऐकत होतीस.

तर काय केलंसा ते सांगा, असं तू विचारतेस. ते इतकंच आहे, की त्या फोनवर जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. कुणी सांगेल, आता त्याचा काय उपयोग. असेलही. पण तुझा फोन माझ्या कानाला अजून तसाच लागलेला आहे, तू "बोला ताई" म्हणून थांबली आहेस, आणि आज मी बोलते आहे.

सारिका, रक्त फुटलेलं नाही. नमुना चांगला आहे, सीरम स्वच्छ पिवळं आहे. मी तीनदा लावला आणि तिन्ही वेळा तेच आलं. आता बास, असं रक्त म्हणतंय. डॉक्टरांना मी कळवते, तू नको त्रास घेऊस. आईचा हात धर आणि जिना सावकाश उतर. दुपारची गावाकडं जाणारी मलकापूरची एसटी मिळेल तुला. लावण अजून लागायची आहे. जा बाई, जा तू गावाला.